विंचवाचा मिस्त्री

जवळ ये पोरी. कागदावरून बोलून राह्यली म्हणून काय झालं, आजी जवळ ये म्हणते तर हातातलं काम खाली ठेवून जवळ यायचं. तुह्यावर राग आहे माहा. मागल्या आठवड्यात फोनवर काय म्हणालीस आठवते का? "आजी, आमच्या इथे पिवळं मशीन आलं आणि अर्ध्या तासात नाली खोदून गेलं. तुमच्या काळी असलं काही नसेल ना?" तीन दिवाळ्या झाल्या, तोंड दाखवलं नाईस, अन् वरून हे विचारतेस. आमच्या काळी होतं. चांदा जिल्हा गडचिरोलीसकट एकच होता, तेव्हा मूल शहराजवळच्या या आपल्या गावात खोदायचं यंत्र आलं होतं. अन् यंत्रासंग एक माणूस आला होता. तुले नाली सांगायची हौस आहे ना, मग आता माहं ऐक.

त्याले नाव होतं, पण ते कोणी घेतलं नाई, तर मीही घेत नाई. सारे मिस्त्री म्हणत. मी या घरात नवी होती, लग्नाले वर्षही झालं नसंल. पाटलाच्या घरी बाळंतपण होतं म्हणून माह्या सासूनं त्याले आपल्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, उतरवून घेतलं. वाळक्या शेंगेसारखा माणूस. पण वैशाखाच्या उन्हात, जिथी बैल सावली सोडत नाई, तिथी हा काळा कोट घालून गळ्यापर्यंत गुंड्या लावे. सासूनं विचारलं, "भाऊ, जीव नाई का घाबरत?" तर म्हणे, "बाई, यंत्रावर बसाचं तर नियमानं बसाचं."

नियमानं, हा त्याचा शब्द. जेवतानी आधी कोरा भात खाये, मग वरण पिये, मग भाजी. कालवत नसे. मी एकदा न राहवून विचारलं, "काऊन असं?" तर मान खाली घालूनच म्हणाला, "एकात एक मिसळलं अन् पोट बिघडलं, तर कोणत्या भागानं बिघडलं ते कसं समजंल? सुटं सुटं टाकाव." माह्या वरणावर त्याचा विश्वास नाई असं वाटून मी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाई. तिसऱ्या दिवशी समजलं की तो कोणाच्याच वरणावर विश्वास ठेवत नाई.

अन् त्याचे बूट. आता आपली माती तुले सांगाव लागंल. गावाच्या खालच्या अंगाची सारी कन्हार आहे, काळी अन् चिकण. ओली असली तर पाय धरून ठेवते अन् वाळली तर कुदळ टण्णकन वापस येते. मधात थोडे दिवस असे असतात की ती ना ओली ना कोरडी, हातात घेतली तर फुटते अन् खोदली तर निघते. त्याले वाफसा म्हणतात. वाफसा दाराशी येऊन हाक मारत नाई, आपणच पाहत बसाव लागते. तर मिस्त्री या मातीत दिवसभर हिंडे, अन् बुटाखाली एकावर एक थर चढत जाये. सकाळी तो आमच्या दारातून सरळ निघे अन् संध्याकाळी त्याच दारातून आत येतानी चौकटीवर कपाळ आपटे. रोज. सासू म्हणे, "हा माणूस दिवसभरात वीतभर वाढते अन् रात्री आखडते." मग ती त्याले बाहेरच्या दगडावर बसवून विळ्यानं बूट तासून घे. ती माती ती फेकत नसे. गोठ्याची उत्तरेची भिंत पडली होती. ती भिंत त्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या बुटानं उभी राह्यली.

यंत्र म्हणजे एक लहानसा ट्रॅक्टर होता, अन् त्याच्या मागून वर वाकलेला लोखंडी हात. हाताच्या टोकाले दातांचा पंजा. गावानं पाह्यलं अन् त्याच घटकेले नाव ठेवलं, विंचू. मिस्त्रीले ते लय लागलं. कोणी म्हणे, "काहो मिस्त्री, विंचू जेवला का?" तर हा ऐकू न आल्यासारखा पुढं जाये, मग दहा पावलांवरून वळून येऊन सांगे, "विंचू नाई. यंत्र."

यंत्रासंग परदेशातून एक पुस्तक आलं होतं. ते कोणत्या भाषेत होतं ते शेवटपर्यंत कोणालेच समजलं नाई. मिस्त्रीले मोडकं इंग्रजी येये, अन् तो म्हणे की हे इंग्रजी नाई. पण चित्रं होती. तांबड्या फडक्यात बांधलेलं ते पुस्तक तो रोज सकाळी सपरीत पाटावर ठेवे, उदबत्ती लावे, अन् पानं उलटून चित्रं पाहत बसे. पोथी चालू आहे समजून शेजारच्या दोघी म्हाताऱ्या पदर घेऊन येऊन बसू लागल्या. मिस्त्रीनं त्याइले उठवलं नाई. चित्र दाखवून सांगू लागला, "हा टोपीवाला माणूस बसला. हा दांडा वढला. ही माती पडली." म्हाताऱ्या हात जोडत.

त्या टोपीवाल्याशी पुढं त्याचं वैर झालं, ते सांगतेच.

यंत्र आलं होतं आपल्या बोडीसाठी. पुण्याकडं तुम्ही तळं म्हणता, लहान असलं की आम्ही त्याले बोडी म्हणतो. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, खाली अन् बोडी वर. पाऊस दडी मारते तेव्हा बोडीतलं पाणी सोडून धान जगवाचा. आपली बोडी दोन एकराची. गाळानं भरत आली होती, अन् त्यात तिच्या पाळीले, मातीच्या बांधाले, खिंडार पडलं. दोन वर्षं लोंबी भरायच्या वेळी पाणी नव्हतं. कणसं उभी राह्यली, पण आत दाणा नाई. आणखी एक साल तसं गेलं असतं तर अर्धं गाव कोळशाच्या खाणीकडं चाललं असतं, अन् तुहा आजा त्यात पहिला. त्यानं गाठोडं बांधूनही ठेवलं होतं.

मूलच्या कचेरीचा मोठा साहेब यंत्र पोचवायले आला तेव्हा पाटलासमोर त्यानं मिस्त्रीले बजावलं, "मृगाच्या आत बोडी झाली पाहिजे आणि यंत्र धडधाकट परत आलं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी तू परत रांजणावर."

रांजणावर म्हणजे काय ते मिस्त्रीनं मागून सासूले सांगितलं. तो कचेरीत पाणी भरायचा. बारा वर्षं विहिरीवरून घागरी वाहून साहेबलोकांचे रांजण भरले. यंत्र आलं तेव्हा त्याच्यावर चढायची कोणाची छाती होईना, म्हणून हा चढला अन् चालवून दाखवलं. "बाई," तो म्हणाला, "बारा वर्षं कोणी माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई. घागरीकडं पाहत. आता मिस्त्री म्हणतात." इतकंच बोलला, अन् वरण प्यायले लागला.

पौषात नारळ फुटला. सारा गाव पाळीवर. विंचवानं शेपटी उचलली, गाळात खुपसली, अन् म्हशीच्या डोक्याएवढा गोळा उचलून वर आणला. म्हाताऱ्याइनं हात जोडले. मिस्त्रीनं दांडा ओढला, पंजा उपडा झाला. गोळा पडला नाई. मिस्त्रीनं पंजा हलवला, गदगदा हलवला. गोळा तसाच. मग त्यानं तोच पंजा, त्याच गोळ्यासकट, पुन्हा गाळात खुपसला, पुन्हा उचलला, पुन्हा उपडा केला. दुपार होईपर्यंत एकच गोळा खाली जाऊन वर येऊन राह्यला होता.

पाटील म्हणाला, "मिस्त्री, हे खोदणं आहे का मातीले पाळण्यात झुलवणं?"

सासूनं घरून उलथणं आणून दिलं. मग मी अन् शेजारच्या दोघी सुना खुरप्या घेऊन उतरलो. पंजातली माती खुरप्याले चिकटे, खुरप्याची हाताले, हाताची लुगड्याले. आठ दिवस आम्ही तिघी खरवडत होतो. माती जागेवरून निघाली, पण पाळीवर काही गेली नाई. साऱ्याइच्या अंगावर वाटली गेली.

मिस्त्रीनं पुस्तक उघडलं. चित्रात टोपीवाल्याच्या पंजातून माती रव्यासारखी झरझर पडत होती, अन् तो दात दाखवून हसत होता. मिस्त्रीनं ते चित्र सासूपुढं धरलं. "पाहा बाई. खोटं हसून राह्यला. याले म्हणा, ये कन्हारात, मग हास." त्या दिवसापासून ते पान आलं की तो त्यावर तळहात झाकून पुढचं पान उलटे.

माघात त्यानं अर्ज लिहिला. आमचे कागद आधी नागपूरले जात. नुकतंच आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो, तेव्हा आता सारं मुंबईले जाये. मुंबईले लिहाचं तर इंग्रजीत लिहाव लागंल, असं मिस्त्रीनं आपल्याच मनानं ठरवलं. तीन दिवस कोट घालून तो अर्ज लिहीत बसला. म्हणणं साधं होतं. बोडी खोदून राह्यलो आहे, फार चिकट आहे, खरवडायले खुरपीवाल्या वीस बाया पाठवाव्या. खुरपीले इंग्रजीत काय म्हणतात ते त्याले ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं सुरी लिहिलं. अन् बोडीले बोडीच लिहिलं, तिचं नावच ते.

मुंबईत कोणाले माहीत बोडी म्हणजे काय? कोण्या कारकुनाले वाटलं, मिस्त्रीची लिहायची चूक झाली, अन् त्यानं एक अक्षर सुधारून टाकलं.

फाल्गुन सरता उत्तर आलं. पाटलानं वाचून दाखवलं. काम ताबडतोब बंद करा, पोलीस येईपर्यंत मातीले कोणी हात लावू नये. कारण काई लिहिलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "वीस बायांच्या रखवालीले पोलीस पाठवून राह्यले असतील."

अन् नेमका तेव्हाच वाफसा आला. मिस्त्री सकाळी बोडीत उतरे, मातीचा लाडू वळे, कमरेएवढ्या उंचीवरून सोडे. लाडू पडून दोन फाका झाला की वाफसा. रोज दोन फाका होऊन राह्यला. तो दोन्ही फाका हातावर घेऊन घरी येये अन् सासूले दाखवे. "आज निघाली असती बाई. पंजा नुसता उपडा करायचा अवकाश होता." सासू म्हणे, "मग खोद ना भाऊ. पोलीस का पाळीवर लपून बसला?" तर म्हणे, "कागद आला आहे. नियमानं थांबाव लागते." दहा-बारा दिवस असे गेले. मग एका सकाळी त्यानं लाडू वळायले माती उचलली तर ती वळेना. ढेकूळ झाली होती. त्या दिवशी तो भातही न खाता निजून राह्यला. बोडीचा तळ तडकला, एकेका भेगेत हात जाये.

चैत सरता जमादार आला. घाटावरून नवीन बदलून आलेला, संगं एक शिपाई, तो इकडचाच. सारा गाव पाळीवर जमला. आम्ही तिघी वांग्याच्या वाफ्यातून उठून तशाच गेलो.

जमादार म्हणाला, "बॉडी कुठं आहे?"

पाटलानं हात दाखवला. "हे का, समोर."

जमादारानं समोर पाह्यलं. "एवढ्यात नेमकी कुठं?"

"एवढी सारीच."

जमादारानं वहीत काईतरी लिहिलं. "कुणाची आहे?"

"गावाची."

"कधीपासून इथं आहे?"

"माह्या आज्याच्याही आधीपासून. पहिले चांगली होती साहेब. दोन सालाआधी बाजूनं फुटली."

"फुटली?"

"पुरानं. आतलं सारं वाहून गेलं ना."

माह्या सासूले वाटलं आपणही साक्ष द्यावी. ती पदर सावरून म्हणाली, "भाऊ, आम्ही तर सारं गाव हिचंच पाणी पेत होतो."

जमादारानं पेन्सिल खाली ठेवली. मग कागद काढून म्हणाला, "आणि सुऱ्या घेतलेल्या वीस बायका. त्या कुठं आहेत?"

मिस्त्री कोटाच्या गुंड्या चाचपत पुढं झाला अन् सलाम ठोकून म्हणाला, "त्या अजून आल्या नाई साहेब. सध्या या तिघीवरच भागवून राह्यलो." अन् आमच्याकडं बोट केलं. आमच्या हातात खुरप्या होत्या. जमादार एक पाऊल मागं सरकला.

तेव्हा कुठी तो शिपाई बोलला. "साहेब, इकडं तळ्याले बोडी म्हणतात."

"मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाई."

जमादार हसला नाई, रागावलाही नाई. पाळीवर खाली बसला, टोपी काढली, पाणी मागितलं. मग म्हणाला, "मला समजलं हो. पण कागदाला कोण समजावणार? यात लिहिलंय, बॉडी मिळाल्याशिवाय खोदकाम नाही. मी मुंबईला लिहिणार, ते परत लिहिणार, तोवर दिवाळी."

साऱ्याइचे चेहरे उतरले. तुहा आजा माह्याकडं न पाहता घराकडं चालू लागला, गाठोडं पाहायले. मिस्त्री मात्र मान वाकडी करून विचार करत होता. तो म्हणाला, "साहेब, नियमानं पाह्यलं तर खोदल्याबिगर बॉडी मिळंल कशी?"

जमादार टोपी घालून उठला. मग पाठीवर वही टेकवायले त्यानं शिपायाले वाकवलं अन् हुकूम लिहिला. संशयित जागा यंत्रानं व गावकऱ्यांनी संपूर्ण खोदून काढावी, एकही कोपरा सोडू नये. अन् शोध चालू आहे म्हटल्यावर त्याले स्वतःलेही थांबाव लागलं. देवळाच्या पडवीत बिछाना टाकला. रोज सायंकाळी वहीत लिही, "बॉडी अद्याप मिळाली नाही," अन् आमच्या घरून भाजी नेई.

आता दगडासारखी माती. दोन दिवस विंचवाचे दात नुसते टणटण वाजले. तिसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस पडला, गारांसकट, अन् बोडीचा तळ पुन्हा गाळ झाला. पुन्हा तोच गोळा खाली-वर. मृगाले जेमतेम महिना राह्यला होता.

सासू चुलीतली राख टोपलीत घेऊन पाळीवर आली. "मिस्त्री, विटा पाडणारा साच्याले काय लावते? राख लावते, म्हणून वीट सुटते. तुह्या पंजाले राख लाव."

मिस्त्री म्हणाला, "पुस्तकात राख नाई बाई."

"पुस्तकात कन्हार तरी आहे का?"

"नियमानं..."

"अरे, पाह्य तर एकदा. नसंल तर टोपली वापस नेते."

घरी येऊन त्यानं पाटावर पुस्तक उघडलं. पान पान पाह्यलं. मग त्या टोपीवाल्याच्या पानावर आला. आज त्यानं तळहात ठेवला नाई. वाकून पाह्यलं, आणखी वाकला, अन् बोट ठेवून थांबला. पंजाच्या चित्राजवळ करडा भुरका डाग होता. "राख आहे," तो हळूच म्हणाला. "बाई, इथी राख दाखवली आहे. मले इतके दिवस दिसलीच नाई. मी या माणसाले उगाच बोल लावला." अन् त्यानं टोपीवाल्याले नमस्कार केला.

तो डाग त्याच्याच उदबत्तीचा होता. मी बोलायले तोंड उघडलं, तर सासूनं माह्या पायावर पाय दिला.

पहिला राखेचा गोळा पंजातून सुटून धप्पकन पडला. मग मात्र काम पळू लागलं. साऱ्या गावच्या चुलींची राख चार दिवसांत संपली. तुहा आजा बैलगाडी जुंपून मूलच्या भात गिरणीवर गेला, तिथी भट्टीत जळलेल्या कोंड्याच्या राखेचे ढीग पडले होते. गाड्या भरभरून राख आली. मिस्त्री करडा झाला, कोट करडा, मिशा करड्या. विंचू खोदे, आम्ही टोपल्यांनी माती उचलून पाळीच्या खिंडारात टाकू, बाप्ये पायानं तुडवत. जमादारही एक दिवस टोपली उचलताना दिसला. "शोधच चाललाय," तो म्हणाला.

मृगाच्या आदल्या दिवशी बोडीचा तळ खोदून झाला होता. फक्त खिंडार अर्धं भरायचं राह्यलं होतं. विंचू खाली तळातून माती काढून देऊन राह्यला होता, तेव्हा दुपारी ताडोबाच्या अंगानं काळं भरून आलं अन् पाऊस सुरू झाला.

पाटील पाळीवरून हाका मारू लागला. "मिस्त्री, वर काढ. यंत्र वर काढ. उतार ओला झाला की निघायचं नाई." खरंच होतं. कन्हार भिजायले किती वेळ लागते? त्या घटकेले निघाला असता तर निघाला असता. यंत्र वाचलं असतं, पण खिंडार उघडं राह्यलं असतं, अन् येणारं सारं पाणी तिथूनच बांध्याइले कापत नदीले गेलं असतं.

मिस्त्रीनं यंत्र थांबवलं. कोटातून पुस्तक काढलं, पावसात वाकून पानं उलटली. मी टोपली घेऊन बाजूले उभी होती म्हणून मले दिसलं. तो शेवटच्या पानापर्यंत गेला, अन् त्याच्या तोंडावर असं काई आलं की मी विचारलं, "काय झालं भाऊ?"

"पावसाचं चित्र नाई," तो म्हणाला.

त्यानं पुस्तक फडक्यात बांधून माह्या टोपलीत ठेवलं. "हे बाईले द्या. भिजू देऊ नका." अन् पुन्हा दांडा ओढला.

दिवस मावळायच्या आधी खिंडार बुजलं. तोवर विंचू पोटापर्यंत रुतला होता. मिस्त्री उतरला तर त्याचे बूट मातीनं धरून ठेवले. त्यानं वाकून नाड्या सोडल्या अन् बूट तिथीच ठेवून आला. घरी आला तेव्हा पहिल्यांदा त्याचं कपाळ चौकटीले लागलं नाई. सासूनं भात वाढला, त्यावर वरण वाढलं. त्यानं दोन्ही कालवून खाल्लं.

आठवडाभरात बोडी पाळीपर्यंत भरली. विंचू आत. जमादारानं शेवटचा कागद लिहिला, आम्हाले वाचून दाखवला. "बॉडी मिळाली. सुस्थितीत असून गावाच्या ताब्यात दिली." अन् भाजीचं भांडं वापस करून गेला.

मग आषाढात मोठा साहेब आला. पाळीवर उभा राहून म्हणाला, "बोडी झाली ते दिसतंय. यंत्र कुठं आहे?"

"आत आहे साहेब," मिस्त्री म्हणाला. अनवाणी होता, पण कोट घातला होता.

"काढा मग."

पाटील म्हणाला, "पाणी सोडाव लागंल साहेब. रोवणा झाला आहे, धानाले हेच पाणी लागंल." अन् साऱ्या गावानं पाण्याकडं तोंड केलं. साहेबाकडं कोणी पाह्यलं नाई.

"मी काय सांगितलं होतं?" साहेब मिस्त्रीले म्हणाला. "चल. परत पाणी भरायला."

मिस्त्रीनं बोडीकडं पाह्यलं. "ते तर भरलं साहेब," तो म्हणाला. त्यानं टोमणा मारला नव्हता पोरी. तो हिशेबानंच बोलला. पण पाटील तोंडावर शेला धरून पाळीखाली उतरला. मग साहेब त्याले घेऊन गेला.

त्या साली लोंबी भरली. तुह्या आजानं गाठोडं सोडलं, त्यातलं धोतर नेसून कापणीले गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा आठ बैलजोड्या लावल्या. दोर तुटला, विंचू हलला नाई. कचेरीनं कागदावर त्याले मोडीत काढलं. पण मिस्त्रीनं नाई काढलं. तो मूलच्या कचेरीत रांजण भरत होता, अन् दरवर्षी पाणी आटलं की दोन दिवसांची रजा काढून येये. कोट घालून. संग ग्रीसचा डबा. बोडीत उतरून शेपटीच्या सांध्याले ग्रीस लावे, पुसे, हलते का ते पाहे, अन् वर येऊन सासूले सांगे, "तब्येत बरी आहे." दरवर्षी विंचू थोडा आणखी खाली गेलेला असे. असं तो म्हातारा होईपर्यंत चाललं. मग एका साली आला नाई. दुसऱ्या साली मूलहून त्याच्या भाच्यानं डबा आणून दिला, म्हणाला, मामानं सांगितलं होतं.

तेव्हापासून मीच लावते. कोणाले सांगत नाई, लोक हसतील म्हणून. आता फक्त शेपटीचं वाकलेलं टोक वर दिसते, तेही पाणी पार तळाले गेल्यावर, चैत-वैशाखातले थोडे दिवस. पण मागल्या साली मी पाळीवरून अर्ध्यात उतरली अन् गुडघ्यानं दगा दिला. वापस आली. डबा तसाच भरलेला आहे.

म्हणून रागावली तुह्यावर. मोहफुलं पडू लागली आहेत, पाणी उतरून राह्यलं आहे. मले उतरायले एक हात पाह्यजे. जुने बूट घेऊन ये, चांगले आणू नको. अन् वैशाख सरायच्या आत ये, पोरी, नंतर पाऊस येते.